शिकाऊ उमेदवारी

शिकाऊ उमेदवारी : धंद्यात वाकबगार असलेल्या व्यक्तीच्या वा कारखान्याच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीचा करार करून, प्रत्यक्ष काम करता करता तो धंदा शिकण्याची पद्धती. अशा रीतीने शिकणाऱ्यास शिकाऊ उमेदवार व त्यास मिळणाऱ्या मोबदल्यास विद्यावेतन म्हणतात. ‘उमेदवार’ हा शब्द फार्सीतून मराठीत आला असून आशा धरणारा हा त्याचा मूळ अर्थ होय. पुढे कायमची जागा मिळेल या आशेने कचेरीत बिनपगारी काम करणाऱ्या नवशिक्यास पूर्वी उमेदवार म्हणत. त्यावरूनच ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला.

शाळेतील विद्यार्थी केवळ शिकतो व पगारी कामगार केवळ काम करतो; शिकाऊ उमेदवार मात्र एकाच वेळी विद्यार्थीही असतो आणि कामगारही. त्याला शिकविण्यात आरंभी मालकाचा वेळ व माल खर्ची पडतो. हात बसल्यावर उमेदवाराच्या श्रमातून त्याची भरपाई होते. म्हणजेच शिक्षणाचा लाभ आधी व श्रमाचा लाभ मागाहून, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे दोन्ही पक्षांना परस्परांविषयी शंका असते. शिकून तयार होताच उमेदवार निघून जाईल, ही मालकाची शंका. तर हरकाम करवून घेतले जाईल, पण धंद्यातील मर्म शिकविले जाणार नाही, ही उमेदवाराच्या आईबापांची शंका. या शंकांच्या निवारणार्थ निरनिराळ्या काळांत तीन उपाय योजले गेले : लेखी करार, कौशल्याची कसोटी आणि यशस्वी उमेदवाराचा जाहीर गौरव. शिकाऊ उमेदवारीचा इतिहास हा मुख्यतः या तीन उपायांच्या यशापयशाचा इतिहास होय.

प्राचीन काळ : या विषयावरील अतिप्राचीन कायदा बॅबिलोनियाचा राजा हामुराबी (इ. स. पू. अठरावे शतक) याच्या संहितेत आढळतो. कारागिराने एखादे मूल पोसावयास घेऊन त्याला आपली कला शिकविली, तर ते परत मागता येत नसे. कला शिकविली नाही, तर मात्र त्या मुलाला पित्याच्या घरी परत जाण्याची मुभा होती. मुलावरील हक्क हा शिकविण्याच्या कर्तव्यावर अवलंबून आहे, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मांडलेले दिसते.

रोमन अंमलाखालील ईजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या पपायरसांत उमेदवारीचे अनेक करार आहेत. इ. स. ६६ मधील एका करारान्वये ट्रायफन नावाच्या इसमाने आपला मुलगा विणकाम शिकण्यासाठी एक वर्षाकरिता टॉलेमी या विणकराच्या स्वाधीन केला. मुलगा जितके दिवस गैरहजर राहील, तितके दिवस त्याने मुदतीनंतर भरून द्यावयाचे होते. मुदतीपूर्वी बापाने मुलास काढून नेल्यास दंड होता आणि विणकराने पूर्णपणे न शिकविल्यास त्यालाही तोच दंड होता. दोन्ही पक्षांना समान बंधन घालणारा हा करार आधुनिक करारपत्राशी बराच मिळताजुळता आहे.

भारतीय परंपरा : धर्मशास्त्रात शिल्प शिकणाऱ्यास ‘अंतेवासी’ (जवळ राहणारा) अशी संज्ञा असून त्याचे नियम नारदस्मृती व याज्ञवल्क्यस्मृती यांत दिलेले आहेत. नारदाच्या मते, आप्तांच्या संमतीने व मुदत निश्चित करून अंतेवासीने आचार्याच्या घरी राहावे. आचार्याने त्याला जेवू घालावे, पुत्राप्रमाणे वागवावे, शिल्प शिकवावे आणि त्याच्याकडून दुसरे काम करवून घेऊ नये. नीट शिकविणाऱ्या व निर्दोष आचार्यास सोडून जाणाऱ्या अंतेवासीस बळाने परत आणता येई व त्याला शिक्षाही होई. मुदतीपूर्वी शिल्प साध्य झाले, तरी उरलेला काळ आचार्याकडेच काढावा आणि त्या काळातील कामाचे फळ आचार्यास द्यावे, असा नियम होता. याज्ञवल्क्यानेही तो सांगितला असून कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील विज्ञानेश्वराने मिताक्षरा या टीकेत त्याचे विवरण केले आहे. शिकविण्याचा खर्च मालकास अखेरच्या काळातील श्रमातून मिळावा, हा या नियमामागील हेतू उघड आहे. ‘दुसरे काम करवून घेऊ नये’ हा निर्बंध त्याहून महत्त्वाचा. कारण त्यामुळे अंतेवासी हा दास वा गडी यांपासून वेगळा ठरतो.

बृहस्पतीने एकत्र काम करणाऱ्या शिल्पींच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : शिक्षक (म्हणजे शिकणारा), अभिज्ञ, कुशल व आचार्य. त्यांना मिळकतीचे अनुक्रमे एक, दोन, तीन व चार भाग मिळावेत, असे त्याचे मत आहे. शिकणाऱ्यासही वाटा आहे आणि कौशल्याबरोबर तो वाढत जातो, ही कल्पना आजच्या वर्षागणिक वाढणाऱ्या विद्यावेतनाशी जुळते.

कारागिरांच्या श्रेणी महाराष्ट्रात प्राचीन काळापासून होत्या. नासिक येथील लेण्यातील इ. स. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील लेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रादिकांची सोय केली. जुन्नरच्या लेखांत बुरूड व कांसार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. पिढ्यानपिढ्या टिकणारी संस्था अशी श्रेणीची पत असल्याखेरीज अशा ठेवी ठेवल्या गेल्या नसत्या. आणि नव्या पिढीस धंद्यात तयार केल्याखेरीज श्रेणी टिकली नसती.

पुढील काळात मात्र धंद्याचे शिक्षण उत्तरोत्तर जातीशी निगडित झाले. महाराष्ट्रातील बलुतेदारीत सुतार, लोहार, कुंभार, चांभार इत्यादींची मुले बापाच्या हाताखालीच तयार होत. तेथे करारही नव्हता व कसोटीही नव्हती. जन्म हाच प्रवेशाचा परवाना होता. या पद्धतीने कौशल्य जतन झाले, हे खरे. परंतु ते घराबाहेर गेले नाही. लोहाराच्या मुलाला दुसरा धंदा शिकणे जितके अवघड होते, तितकेच दुसऱ्याच्या मुलाला लोहारकी शिकणे अवघड होते. शिवाय हाताने काम करणाऱ्या जातींना समाजात खालचे स्थान असल्याने कौशल्याबरोबर प्रतिष्ठा आली नाही. घरातील स्त्रिया सूत कातणे, माती मळणे, रंग देणे यांसारखी कामे शिकत व करीत. परंतु त्यांची गणना कारागिरांत होत नसे.

यूरोपातील कारागीर-संघ : मध्ययुगीन यूरोपात बाराव्या-तेराव्या शतकांपासून नगरांतील कारागीर-संघांनी उमेदवारीस बांधीव रूप दिले. पॅरिसचा अधिकारी एत्येन ब्वालो याने १२६८ च्या सुमारास तेथील शंभरावर धंद्यांचे नियम संकलित केले. उमेदवारी किती वर्षांची असावी व एका उस्तादाने किती उमेदवार ठेवावेत, हे त्यांत धंद्यागणिक सांगितले आहे. उमेदवारांच्या संख्येवरील मर्यादेचे दोन हेतू होते : प्रत्येकास नीट शिकविले जावे आणि स्वस्त श्रमिकांची गर्दी होऊन जुन्या कारागिरांची मजुरी घसरू नये.

उमेदवार, पगारी कारागीर व उस्ताद अशा तीन पायऱ्या सर्वसाधारणपणे रूढ होत्या. जर्मन भाषिक प्रदेशांत उमेदवारी संपलेला तरुण काही वर्षे गावोगाव हिंडून निरनिराळ्या उस्तादांकडे काम करी. उस्तादपद मिळविण्यासाठी स्वतःच्या हातची एक उत्कृष्ट वस्तू घडवून ती संघाच्या परीक्षकांपुढे ठेवावी लागे. आज श्रेष्ठ कलाकृतीस लावला जाणारा ‘मास्टरपीस’ हा शब्द मूळचा या कसोटीच्या वस्तूचा वाचक आहे. परंतु पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून पुष्कळ संघांनी ही कसोटी दिवसेंदिवस खर्चिक केली आणि उस्तादांच्या मुलांना तीतून सवलत दिली. परिणामी गुण ओळखण्याचे साधन वाटेतील अडसर बनले आणि कित्येक कुशल कारागीर जन्मभर पगारीच राहिले.

इंग्लंडमध्ये १५६३ च्या कारागीरविषयक अधिनियमाने निदान सात वर्षांची उमेदवारी देशभर सक्तीची केली. १६०१ च्या गरीबविषयक कायद्याने निराधार मुलांना उमेदवार म्हणून बांधून देण्याचा अधिकार धर्मग्राम-अधिकाऱ्यांना मिळाला. ॲडम स्मिथ याने १७७६ मध्ये वेल्थ ऑफ नेशन्स या ग्रंथात दीर्घ उमेदवारीवर टीका केली. श्रमाचे फळ आपल्याला मिळत नाही, हे दिसत असल्याने उमेदवार आळशी होतो आणि बहुतेक धंदे थोडक्या काळात शिकता येतात, असे त्याचे प्रतिपादन होते. सात वर्षांची सक्ती १८१४ मध्ये रद्द झाली. फ्रान्समध्ये त्यूर्गो या मंत्र्याने १७७६ मध्ये संघ बरखास्त केले. ते त्याच वर्षी पुन्हा सुरू झाले व राज्यक्रांतीच्या काळात १७९१ मध्ये कायमचे नष्ट झाले.

औद्योगिक क्रांती : यंत्रांच्या आगमनाने उमेदवारीतील शिक्षणाचा अंश झपाट्याने घटला. इंग्लंडमधील सूतगिरण्यांना लहान हातांची गरज होती. निराधार मुले ‘उमेदवार’ या नावाने त्यांच्याकडे पाठविली जात. पण तुटलेला धागा जोडण्यापलीकडे त्यांना बहुधा काहीच शिकविले जात नसे. करारपत्राचा नमुना जुनाच राहिला. त्यातील आशय मात्र नाहीसा झाला. स्वतः गिरणीमालक असलेले सर रॉबर्ट पील (थोरले) यांच्या पुढाकाराने १८०२ मध्ये उमेदवारांचे आरोग्य व नीती यांसंबंधीचा अधिनियम झाला. दिवसाला बारा तासांहून अधिक काम नको, रात्रपाळी हळूहळू बंद करावी आणि पहिली चार वर्षे वाचन, लेखन व अंकगणित शिकवावे, अशा तरतुदी त्यात होत्या. तपासणीची यंत्रणा दुबळी असल्याने त्याचा प्रभाव अल्प राहिला. तथापि इंग्लंडमधील कारखानेविषयक कायद्यांचा आरंभ या उमेदवारविषयक कायद्याने झाला, हे लक्षणीय आहे.

जर्मनीत कारागीर-परंपरा पूर्णपणे मोडली नाही. १८९७ च्या कायद्याने कारागिरांची मंडळे स्थापन होऊन उमेदवारीचे नियमन त्यांच्याकडे आले. म्यूनिकमधील शाळाप्रमुख गेओर्ग केर्शेनश्टायनर (१८५४–१९३२) यांनी १९०० पासून तेथील पुढील शिक्षणाच्या शाळांची धंदेवार पुनर्रचना केली. आठवड्यातील काही वेळ शाळेत व उरलेला कामाच्या ठिकाणी शिक्षण, ही पद्धती पुढे ‘दुहेरी पद्धती’ म्हणून प्रसिद्ध झाली. पश्चिम जर्मनीत १९६९ च्या व्यवसायशिक्षण अधिनियमाने तिला एकसूत्री स्वरूप दिले. तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त व्यवसायांसाठी साधारणपणे दोन ते साडेतीन वर्षांचे शिक्षण तीत दिले जाते. मालक, कामगारसंघ व शासन मिळून अभ्यासक्रम ठरवितात आणि अंतिम परीक्षा शिकविणारा मालक घेत नसून मंडळाची समिती घेते. शिकविणारा व पारखणारा वेगळे ठेवल्यामुळे प्रमाणपत्रास देशभर किंमत येते. ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या देशांतही अशीच पद्धती आहे.

ब्रिटिश अंमलातील भारत : मुंबईच्या गोदीत जहाजबांधणीचे कौशल्य वाडिया घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आले. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या वंशजांच्या देखरेखीखाली बांधलेल्या जहाजांपैकी त्रिंकोमाली (१८१७) हे आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. याच घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण १८३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि चॅटम येथील गोदीत त्यांनी जहाजबांधणीचा अभ्यास केला. १८४१ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. घरात मिळालेल्या कारागिरीस रेखाटन व गणित यांची जोड देण्याचा हा भारतीय तरुणांचा एक आरंभीचा प्रयत्न होय.

भारतातील उमेदवारीचा पहिला कायदा १८५० चा एकोणिसावा अधिनियम होय. अनाथ व धर्मादायावर वाढलेल्या गरीब मुलांना धंदा शिकता यावा, हा त्याचा मुख्य उद्देश होता. १० ते १८ वर्षे वयाच्या मुलास जास्तीत जास्त सात वर्षांसाठी बांधून देता येई. मुदत त्याच्या वयाच्या एकविसाव्या वर्षापुढे, तसेच मुलीच्या बाबतीत तिच्या विवाहापुढे जाता कामा नये, अशी अट होती. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या डेव्हिड ससून औद्योगिक सुधारगृहात भटक्या व गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना हस्तव्यवसाय शिकविले जात. या कायद्यामुळे जातीबाहेरच्या मुलासही कायद्याच्या आधारे धंदा शिकण्याची वाट मिळाली. मात्र धंद्याचे शिक्षण हे अनाथ, दरिद्री वा वाट चुकलेल्या मुलांसाठीच असते, ही समजूतही त्यामुळे दृढ झाली.

रेल्वेचे कारखाने ही उमेदवारीची मोठी केंद्रे बनली. १८६२ मध्ये स्थापन झालेला बिहारमधील जमालपूरचा कारखाना आणि मुंबईतील परळ व माटुंगा येथील कारखाने यांतून जोडारी, कातारी, ओतारी व बाष्पित्र-कारागीर तयार झाले. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्था (१९९७ पासून वीरमाता जिजाबाई तांत्रिक संस्था) स्थापन झाली. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेस जोडून १८९१ मध्ये लॉर्ड रे कलाकर्मशाळा निघाल्या व त्यांत धातुकाम, लाकूडकाम इ. हस्तव्यवसायांचे शिक्षण सुरू झाले. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. देशी भाषांतून तंत्रशिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य होते. इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या मुलापर्यंत शास्त्रीय ज्ञान पोहोचविण्याचा हा धाडसी प्रयोग होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे व्हिक्टोरिया जुबिली संस्थेत शिक्षक होते. त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली व तेथे खेड्यातील माणसांना यंत्रकामात तयार केले. जमशेटपूर येथे पोलाद कारखान्याने १९२१ मध्ये तांत्रिक संस्था काढली.

हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार महात्मा गांधींनी मांडला व १९३७ च्या वर्धा येथील परिषदेत तो स्वीकारला गेला. ही योजना उमेदवारीची नव्हती. परंतु हातकाम हे कोणा एका जातीचे वा वर्गाचे नसून सर्व मुलांचे आहे, हे तत्त्व तिने पुढे आणले.

स्वातंत्र्योत्तर काळ : भारत सरकारने १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली व तीतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. अभ्यासक्रम व परीक्षा यांत एकसारखेपणा राखण्यासाठी १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद नेमण्यात आली. १९५९ मधील ऐच्छिक उमेदवारी योजनेस कारखानदारांचा पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. म्हणून १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी अधिनियम संमत होऊन तो १ मार्च १९६२ पासून अंमलात आला.

या अधिनियमाने नेमून दिलेल्या उद्योगांतील कारखानदारांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. उमेदवाराचे किमान वय १४ वर्षे असून करार उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवावा लागतो. प्रशिक्षणाचे मूलभूत प्रशिक्षण व कारखान्यातील प्रत्यक्ष प्रशिक्षण असे दोन भाग असतात. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांचा आणि १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय-अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांचा अंतर्भाव झाला. अनुसूचित जाती व जमातींसाठी आणि पुढे इतर मागास वर्गांसाठी उमेदवारीच्या जागा राखून ठेवण्यात आल्या. जन्माने बंद असलेले धंदे कायद्याने खुले करण्याच्या दिशेने ही महत्त्वाची पावले होत.

अधिनियमाच्या अठराव्या कलमानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नाही. म्हणून कामगारविषयक कायदे त्यास सामान्यतः लागू होत नाहीत. आरोग्य, सुरक्षितता, कल्याण व अपघाताची भरपाई यांविषयीचे संरक्षण मात्र त्यास आहे. मुदत संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळासंबंधीच्या निवाड्यात, इतर बाबी समान असता प्रशिक्षित उमेदवारास थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे सांगितले. अठराव्या कलमाचा हेतू शिक्षणास वाव देण्याचा आहे. पण जेथे शिक्षण नावापुरते असते, तेथे तेच कलम कमी मोबदल्यात काम करवून घेण्यास सोयीचे ठरते. विसाव्या शतकातील या कायद्यातही विद्यार्थी आणि कामगार यांमधील जुना पेच सुटलेला नाही.

२०१४ च्या दुरुस्तीने मालकास होणारी कैदेची शिक्षा काढून दंड ठेवला, तसेच एकूण मनुष्यबळाच्या प्रमाणात उमेदवार घेण्याची पद्धत आणली. २०१९ च्या नियमांनी हे प्रमाण २.५ ते १५ टक्के ठरविले आणि ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक केले. त्याच नियमांनी विद्यावेतनाची किमान मर्यादा शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये केली. विद्यावेतनाचा काही भार शासनाने उचलावा, यासाठी २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. म्हणजे दंडाच्या भीतीपेक्षा साहाय्यावर भर देण्याकडे धोरणाचा कल वळला.

कौशल्यस्पर्धा व गौरव : उमेदवाराच्या हातच्या कामाचा जाहीर सन्मान करण्याची प्रथा कारागीर-संघांच्या काळापासून आहे. आधुनिक काळात तिला स्पर्धेचे रूप आले. फ्रान्समध्ये १९२४ पासून ‘फ्रान्समधील सर्वोत्तम कारागीर’ हा किताब देण्यात येऊ लागला. स्पेनमध्ये यादवी युद्धानंतर कुशल कारागिरांची वाण जाणवत होती. तरुणांना, त्यांच्या पालकांना व मालकांना धंदेशिक्षणाचे मोल पटावे, म्हणून तेथे १९४७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरविण्यात आली. १९५० मध्ये माद्रिद येथे स्पेन व पोर्तुगाल यांचे प्रत्येकी बारा तरुण स्पर्धेत उतरले व तीतूनच आजची जागतिक कौशल्यस्पर्धा निर्माण झाली. १९५३ मध्ये जर्मनी, ग्रेट ब्रिटन, फ्रान्स, मोरोक्को व स्वित्झर्लंड हे देश तीत सामील झाले. स्पर्धा साधारणपणे दर दोन वर्षांनी भरते. बहुतेक व्यवसायांत स्पर्धकाचे वय २२ च्या आत असावे लागते. सर्वांना एकच आराखडा, एकच माल व ठरावीक तास दिले जातात आणि तयार वस्तूची मापे व सफाई पाहून गुण दिले जातात. दक्षिण कोरियाने १९६७ पासून या स्पर्धेत भाग घेऊन पदकविजेत्या तरुणांना राष्ट्रीय मानसन्मान दिले. त्या देशाच्या औद्योगिकीकरणाच्या काळात कारागिराची प्रतिष्ठा वाढविण्याचे ते एक साधन होते.

भारतात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रशिक्षणार्थींसाठी १९६४ पासून अखिल भारतीय कौशल्यस्पर्धा सुरू झाली. शिकाऊ उमेदवारांसाठीही स्वतंत्र स्पर्धा भरविण्यात आल्या. जागतिक स्पर्धेत भारताने २००७ मध्ये जपानमधील शिझुओका येथे प्रथम भाग घेतला. रशियातील कझान येथे २०१९ मध्ये जल-तंत्रज्ञान या विषयात भारतास पहिले सुवर्णपदक मिळाले. शिवाय एक रौप्य व दोन कांस्यपदके मिळाली. फ्रान्समधील ल्यों येथे २०२४ मध्ये भारताने चार कांस्यपदके मिळविली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ मध्ये १५ जुलै हा जागतिक युवा कौशल्य दिन म्हणून जाहीर केला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी पहिला दीक्षान्त समारंभ १७ सप्टेंबर २०२२ रोजी, विश्वकर्मा जयंतीस झाला. विद्यापीठीय पदवीधरास मिळणारा हा मान जोडारी वा वीजतंत्री यांना मिळण्यास १९५० नंतर बहात्तर वर्षे लागली.

मूल्यमापन : शाळेत न शिकविता येणाऱ्या पुष्कळ गोष्टी शिकाऊ उमेदवारीत साध्य होतात. लोखंडाचा रंग पाहून त्याची ऊब ओळखणे, कानसेखालील धातूचा प्रतिसाद हाताने जाणणे, चालत्या यंत्राच्या आवाजातील बदल टिपणे ही कौशल्ये जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच अंगी बाणतात. उलटपक्षी, एकाच कारखान्यातील एकाच यंत्रावर घडलेला तरुण यंत्र बदलताच निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो. त्यासाठी सैद्धांतिक शिक्षणाची जोड आवश्यक असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उद्धृत केलेल्या बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय श्रमिकांपैकी पाच टक्क्यांहून कमी व्यक्तींना औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले होते. जर्मनीतील हे प्रमाण ७५ टक्के व दक्षिण कोरियातील ९६ टक्के होते. याचा अर्थ भारतात कौशल्य नाही, असा नव्हे. गॅरेजात, बांधकामावर, सराफकट्ट्यावर व शिंप्याच्या दुकानात असंख्य मुले वस्तादाच्या हाताखाली धंदा शिकतात. त्यांच्या शिकण्यास करार नसतो, कसोटी नसते व प्रमाणपत्रही नसते; त्यामुळे दुसऱ्या गावी गेल्यावर त्यांना आपले कौशल्य नव्याने सिद्ध करावे लागते. अशा पूर्वार्जित कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याच्या योजना अलीकडे आखण्यात आल्या आहेत.

स्पर्धा, पदके व समारंभ यांमुळे थोड्या तरुणांचा गौरव होतो आणि इतरांना उत्तेजन मिळते. परंतु बहुसंख्य उमेदवारांचे हित करारातील शिकविण्याच्या अटी प्रत्यक्षात पाळल्या जाण्यावर, परीक्षेच्या निःपक्षपातीपणावर आणि प्रशिक्षणानंतर मिळणाऱ्या वेतनावर अवलंबून असते. नारदाने आचार्यास घातलेले ‘दुसरे काम करवून घेऊ नये’ हे बंधन कारखान्यात कितपत पाळले जाते, यावरूनच कोणत्याही उमेदवारी योजनेची खरी परीक्षा होते.